मी बस म्हणेपर्यंत

केदुंगवारू
शनिवार वागे, ३ नोव्हेंबर १९८४

धाकट्या यार्तोस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. सामियेमला आणि पोरांना माझी आठवण सांग.

तुझं पत्र परवा बाजारात मिळालं. मिळालं म्हणजे काय, आधी चहाच्या दुकानात सगळ्यांनी ते उजेडात धरून बघितलं, मग आपली काकू, लिक तुमिनी, ते घेऊन माझ्याकडे आली आणि मी शेवटची ओळ वाचेपर्यंत बाजेवरून हलली नाही. तेव्हा समुद्रापलीकडे लाम्पुंगला तुझी मिरी चांगली आली आणि सामियेमचा खोकला गेला, हे आता सगळ्या केदुंगवारूला ठाऊक आहे.

तळाशी एंदाहने लिहिलंय, 'बुदे आत्या, बाबा म्हणतात तुमच्या गावात कधी काही घडतच नाही. खरं का?' पोरीला सांग, तुझ्या बापाचं अर्धं खरं आहे. सकाळी भात सडण्याचे ठोके, दुपारी कबुतरांच्या शेपटीला बांधलेल्या शिट्ट्या, संध्याकाळी नदीवरून परत येणाऱ्या म्हशी. एखादा नारळ पडला तरी पाच घरांतून विचारणा होते की कोणाच्या अंगणात पडला. मोटार शेवटची आली ती गेल्या वर्षी, आणि तीही वाट चुकून. बापाचं अर्धं खरं इथे संपतं. आता पुढचं वाच आणि त्याला नीट बसायला सांग.

आपलं घर चालणार आहे.

वारू नदी गेले तीन पावसाळे आपल्याकडचा काठ खात सुटली आहे, हे तुला लिहिलंच होतं. तुझा पोहायला उडी मारायचा दगड गेला, बांबूचं बेट गेलं, आणि आता स्वयंपाकघराच्या मागे जेमतेम एक चटई पसरेल एवढी जमीन उरली आहे. रात्री उशीला कान लावला की माती सुटल्याचा आवाज येतो. मी कोंबड्यांना म्हटलं, तुम्हाला तरी उडता येतं. शेवटी म्हाताऱ्या सोंतो आजोबांकडे गेले. त्यांनी बोटांवर सात वार आणि वागे, पाहिंग असे पाच बाजारवार मोजले, माझा जन्मवार जुळवला, आणि म्हणाले, "पोरी, घर मोडू नको. सागाचं आहे, बापाच्या हातचं आहे. उचल आणि वर ने. डिसेंबरातला रविवार पाहिंग तुला चांगला."

म्हणजे कौलं उतरवायची, बांबूच्या तट्ट्या काढायच्या, आणि खांब, तुळया, वासे असा सगळा सांगाडा वस्तीच्या खांद्यांवर भुईमुगाच्या वावरात न्यायचा. आपल्याच वावरात, खालच्या टोकाला. घरोघर जाऊन मदत मागायची आहे. मला तर झोपच लागत नाही. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, आणि जत्रेला निघालेल्या पोरीसारखं झालंय.

त्या कुंपणापलीकडच्या सुताराने, त्रिमोने, गेल्या महिन्यात आपणहून येऊन तुळयांचे सांधे ठोकून बघितले. न बोलावता. असं कोणी येतं का? सांधे मात्र घट्ट आहेत म्हणाला.

तुझी बहीण,
वार्सिनी


लाम्पुंग
१७ नोव्हेंबर

थोरल्या ताईस, यू वार्सिनीस, यार्तोचा नमस्कार.

पत्र वाचलं आणि मिरी तशीच अंगणात टाकून सगळ्यांना हाका मारल्या. एंदाहने तोंडावर सांगितलं, "बाबा, तुम्ही खोटं बोललात." सामियेम हसली. या घरात मला आता काही मान उरलेला नाही.

यू, तुला आठवतं का, सोंतो आजोबांचं कोठार उचललं होतं? मी आत तुळईवर चढून बसलो होतो, खाली सगळे बाप्ये घामाने निथळत होते, आणि बाबांनी मला उतरवायच्या ऐवजी ओरडून विचारलं, "वरून काय दिसतं रे?" मला सगळी वस्ती दिसत होती. जन्मात पुन्हा एवढा उंच झालो नाही.

मला यायचंय, पण जमत नाही. मिरी वाळवायची वेळ आहे, आणि बोटीचं भाडं परवडत नाही. तेव्हा दोन गोष्टी तूच कर. पहिली म्हणजे दारापुढची माती. आई सांगायची, माझी नाळ-वार दाराच्या उजव्या हाताला पुरली आणि तुझी डाव्या हाताला, आणि वर दिवा ठेवला. घर गेलं की ती माती नदी खाणार. थोडी थोडी मडक्यात घे, आणि नव्या दाराशी तशीच पूर.

दुसरी, खालचं टोक कशाला? तिथे पावसात पाणी साचतं, तू स्वतः तिथे बदकं सोडायचीस. वरच्या टोकाला ठेव, फणसाजवळ, कुंपणाला लागून. उंच आहे, कोरडं आहे. त्रिमोलाच विचार, त्याला जमिनीची पारख आहे. आणि हाक तोच देणार ना? बाबांच्या मागे केदुंगवारूत घर उचलायची हाक दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेली मला तरी आठवत नाही.

सगळं लिही. एंदाह विचारते, घर चालताना कोंबड्या कुठे असतील?

यार्तो


केदुंगवारू
३ डिसेंबर

यार्तोस आशीर्वाद.

कोंबड्या टोपलीखाली, लिक तुमिनीच्या पडवीत. एंदाहला सांग, चांगला प्रश्न होता, तुझ्या बापाच्या प्रश्नांपेक्षा चांगला.

वरचं टोक नको. फणसाची पानं पडतात, वासे कुजतात. शिवाय कुंपणाला लागून घर बांधलं की पलीकडचा रंधा दिवसभर कानाशी. खालच्या टोकाला मी तळखडे बसवूनही घेतले. आता खांब त्यांच्यावर उभे करायचे की झालं. थोरली बहीण मी आहे.

घरोघर मागायला गेले. तू विसरला असशील तिकडच्या रानात, मागायला जाणं म्हणजे काय असतं ते. दारात उभं राहून "घर उचलायचंय, या" असं म्हणून चालत नाही. आत जायचं, बसायचं, चहा यायचा, माडाच्या गुळाचा तुकडा यायचा, पोरांची चौकशी, म्हशीची चौकशी, मग उठता उठता सहज आठवल्यासारखं सांगायचं. तेही म्हणणार, "हो हो, येणारच." उद्या निम्मी वस्ती झाली की परवा निम्मी. माझ्या पोटात चहाचं तळं झालंय. पण एकही घर सोडलं नाही. सोडलं असतं तर त्या घराने मला जन्मभर मनात ठेवलं असतं.

त्रिमोकडे तेवढी गेले नाही. त्याचा गुडघा दुखतो. ओझ्याचं काम, चिखल, कशाला त्याला ताप? मी सगळ्यांना सांगितलं की त्याला विश्रांती हवी. हाक कोणीही देईल. हाकेत काय आहे, तोंड उघडायचं आणि ओरडायचं. सोंतो आजोबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरं." बरं म्हणाले म्हणजे झालं ना?

आता ऐक, यार्तो, मला सगळ्यात कशाचा आनंद आहे ते. मी पुढे चालणार. चुलीतला निखारा मडक्यात घेऊन घरधनीण पुढे, आणि मागे अख्खं घर. मी बस म्हणेपर्यंत घर खाली ठेवायची कोणाची टाप नाही. आयुष्यात बाईच्या एका शब्दावर एवढे बाप्ये थांबतात ते त्याच दिवशी. आई हे सांगायची तेव्हा मी रोज चुलीशी 'बस' म्हणायचा सराव करायचे. तूच चिडवायचास.

भाजीला फणस सांगितलेत, आंबवलेल्या सोयाबीनचं तेंपे लिक तुमिनी लावणार आहे, नारळ आपलेच. बायका शनिवारपासूनच येतील. पाऊस आला नाही म्हणजे मिळवली.

वार्सिनी


केदुंगवारू
सोमवार, १७ डिसेंबर

यार्तो,

घर तिथेच आहे.

तूच ऐकून घे.

सगळे आले. एक घर राहिलं नाही. कौलं उतरवली, तट्ट्या काढल्या, बांबू आडवे उभे बांधले, हसणं खिदळणं, सगळं वेळेवर. हळदीच्या भाताचा उंच ढीग मधोमध ठेवला, सोंतो आजोबांनी आशीर्वाद मागितला. मी निखारा मडक्यात घेतला. नवं लुगडं नेसले होते, ते तुला सांगायचं राहिलं. आणि मग सगळे खाली बसले.

मी म्हटलं, असेल, दम घेतात. चहा फिरवला. चहा झाला, लवंगी सिगारेटी निघाल्या. मी म्हटलं, "मग, उचलायचं?" एक जण म्हणाला, "हो हो, जरा ऊन कलू दे." ऊन कललं. दुसरा म्हणाला, "वारा कुठून येतोय बघायला पाहिजे." वारा नव्हताच. तिसऱ्याने भाजीची चव इतकी वाखाणली की मला पुन्हा वाढावी लागली. खालच्या आळीच्या पार्तोला मी म्हटलं, "तुझा गळा मोठा, तूच दे ना हाक." तो असा लाजला, जणू मी त्याला नाचायला सांगितलं. "मी कुठला यू, माझ्याने कुठलं." दुसऱ्याला म्हटलं, त्याने तिसऱ्याकडे बघितलं, तिसऱ्याने सिगारेटकडे.

आणि हा सगळा वेळ कुंपणापलीकडे रंधा चालू होता. खर्र, खर्र, खर्र. रविवारच्या दिवशी कोण फळी तासतं?

दुपार टळली, चांगली वेळ टळली. मग सगळे उठले, "यू, भाजी फार छान झाली होती" म्हणाले, पोरांसाठी पानात भात बांधून घेतला, आणि गेले. कोणी भांडलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. मी निखारा धरून उभी, मडकं हाताला चटके देतंय, आणि वर आभाळ दिसणारं घर. यार्तो, मी रडले. नवं लुगडं नेसून रडले.

काय चुकलं? लिक तुमिनीला विचारलं तर म्हणते, "पुढच्या वेळी होईल हो." मीठ जास्त झालं का? नदीकाठच्या बांबूच्या बेटातल्या देवतेला काही वाहायचं राहिलं का? बेटच वाहून गेलं तर वाहू कुठे? रविवार पाहिंग पुन्हा पस्तीस दिवसांनी येतो. काठ पस्तीस दिवस टिकेल का कोण जाणे. आज पोरांनी अर्धी कौलं पुन्हा चढवून दिली, तीही न सांगता आले. मदत करायला सगळे तयार आहेत, उचलायला कोणी नाही. हे कोडं तूच सोडव.

वार्सिनी


लाम्पुंग
३१ डिसेंबर

यू,

तुझं पत्र वाचून मी ताडकन उठलो आणि म्हटलं, मला कळलं. घरातला पुरुष हजर नाही, म्हणून वस्तीने हात लावला नाही. चूक माझी. मिरी विकतो, बोट धरतो. अगदी पिशवी काढली.

सामियेमने पिशवी परत ठेवली आणि विचारलं, "यूची सगळी पत्रं आण बघू." मग चुलीशी बसून तिने ती एकामागून एक वाचली आणि हसायला लागली. मी चिडलो. बहीण तिकडे रडते आणि ही हसते. तर म्हणाली, "अहो, तुमच्या बहिणीने तुमच्या मिरीबद्दल एक ओळ लिहिलीय. माझ्या खोकल्याबद्दल अर्धी. आणि त्या सुताराबद्दल बघा, न बोलावता आला, रंधा कानाशी लागतो, गुडघा दुखतो, रविवारी फळी तासतो. एक पत्र त्याच्याशिवाय गेलेलं नाही. आणि सगळ्या वस्तीत चहा कोणाकडे प्यायला नाही? त्याच्याचकडे."

यू, ती म्हणते ते मला पटलं. तू सगळी घरं घेतलीस आणि एक घर सोडलंस, तेही ज्याचं कुंपण आपल्या कुंपणाला लागून आहे त्याचं. ज्याच्या तोंडी हाक आहे त्याला न विचारता दुसरा कोण तोंड उघडेल? पार्तोने हाक दिली असती तर उद्या त्रिमोच्या डोळ्याला डोळा कसा दिला असता? आणि तुला तोंडावर कोण सांगणार? आपल्या लोकांत कोणी कोणाला असं सांगितलंय का कधी? म्हणून ते बसले, जेवले, भाजीची स्तुती केली. सगळी वस्ती दिवसभर तुला सांगत होती आणि तू त्यांना भाजी वाढत होतीस.

गुडघ्याचं मला सांगू नकोस. त्रिमो त्याच गुडघ्याने नारळावर चढतो, तूच मागे लिहिलं होतंस.

एवढंच विचारतो आणि गप्प बसतो. तू त्याच्या दारात जायला का घाबरतेस?

काठ वाट बघणार नाही. जा.

यार्तो

ता. क. यू, मी सामियेम. लिक तुमिनी तुमच्याकडे एवढी बसून असते ती नुसत्या पत्रांसाठी, असं मला वाटत नाही. रागवू नका.


केदुंगवारू
सोमवार, १४ जानेवारी १९८५

यार्तो आणि माझ्या शहाण्या भावजयीस,

बुधवारी रात्री स्वयंपाकघर गेलं. आधी चुलीचा कोपरा वाकला, मग सगळं कसं सावकाश, म्हातारी माणसं बसतात तसं, खाली बसलं. मी आणि निखारा वाचलो. मडक्यात घेऊन पडवीत आणला तो आणि तिथेच शेगडी मांडली. आता मधल्या खांबापासून नदी इतकी जवळ आहे की म्हैस डुंबताना शिंकली तरी मला ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं. वाचून मी आधी खूप चिडले. लिक तुमिनीने "काय लिहिलंय गं?" विचारलं तर म्हटलं, "मिरी महाग झालीय."

आता लिहितेच. गेल्या वर्षी, तुमच्याकडे मिरीला फूल धरलं तेव्हा, लिक तुमिनी माझ्याकडे भात सडायला बसली होती. मुसळ चालवता चालवता म्हणाली, "वार्सिनी, तिकडे एक एकटा आहे, इकडे एक एकटी आहे, आणि मधे एवढं एक कुंपण." बस, एवढंच. मी मुसळ जोरात चालवायला लागले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तेव्हापासून तीही पुन्हा बोलली नाही, तोही बोलला नाही. तो फक्त न बोलावता येऊन सांधे ठोकून गेला.

मग मी त्याच्या दारात कशी जाणार होते? एकटी बाई एकट्या बाप्याच्या उंबऱ्यात चढली की ती कशासाठी आली हे कोणी ऐकत नाही. मी "घर उचलायला ये" म्हटलं असतं आणि वस्तीने ऐकलं असतं "हो". माझं उत्तर माझ्या तोंडून जावं की नाही, यार्तो? घर उचलण्याच्या भाड्यापोटी ते का जावं? आणि त्याचं घर वगळलं तर मला वाटलं कोणाच्या लक्षातही येणार नाही. सामियेम, हस आता.

मला तो आवडत नाही असं नाही. भीती वाटते. आई गेल्यापासून सहा वर्षं एकटीने दार लावलं, एकटीने उघडलं. सवय लागते.

असो, काल गेले. बायकांची सगळी वर्दळ असते त्या वेळीच गेले, म्हणजे कोणाला डोकवायचे कष्ट नकोत. तो फळी तासत होता. मला बघून रंधा खाली ठेवायचा विसरला. आत बसले. त्याने स्वतः चहा केला, त्यात एवढी साखर की चमचा उभा राहिला असता. मी पावसाची चौकशी केली, त्याने कोंबड्यांची केली. मग मी उठता उठता न म्हणता बसल्या बसल्याच म्हटलं, "येत्या रविवारी घर उचलायचंय. तुमचा आवाज हवा."

"बरं," तो म्हणाला.

"मागच्या वेळी मी आले नाही."

"गुडघा दुखत होता म्हणे माझा."

"हो."

"आता बरा आहे," तो म्हणाला. "तळखडे कुठे बसवलेत?"

"खालच्या टोकाला."

"पाणी साचतं तिथे."

"साचू दे."

"बरं," तो पुन्हा म्हणाला. एवढंच. मला वाटलं तो काही विचारेल, मी नाही म्हणायची तयारीही केली होती, पण त्याने चहाचे पेले उचलले आणि धुवायला घेतले. मी बाहेर आले तर वाटेवर निम्म्या वस्तीला अचानक झाडलोट करायची होती.

पाऊस रोज आहे. प्रार्थना करा.

वार्सिनी


केदुंगवारू
बुधवार, २३ जानेवारी

यार्तो, सामियेम, एंदाह, सगळे एकत्र बसा आणि मग वाचा. एंदाहनेच वाचावं, तिचं वाचन चांगलं आहे.

रविवारी पहाटे पाऊस थांबला. नदी मागच्या खांबांखाली घोंगावत होती. उजेड पडायच्या आत लोक यायला लागले, आणि या वेळी कोणी चहाकडे बघितलं नाही. त्रिमो आला, कमरेला पंचा घट्ट बांधलेला, एकदा घराभोवती फिरला, प्रत्येक गाठ ओढून बघितली, दोन गाठी सोडून पुन्हा बांधायला लावल्या. सोंतो आजोबांना त्यांच्या नातवाने पाठीवर बसवून आणलं होतं.

मी दाराशी वाकले. उजव्या हाताची माती एका मडक्यात, डाव्या हाताची दुसऱ्यात. दोन्ही लिक तुमिनीकडे दिली आणि तिसरं मडकं, निखाऱ्याचं, मी घेतलं.

मग त्रिमोने तोंड उघडलं. "होलोबीस कुंतुल..." आणि सगळ्यांनी मिळून "बारीस!" म्हणत खांदे ताठ केले, आणि आपलं घर, यार्तो, आईबाबांचं घर, जमिनीवरून सुटलं. खांबांच्या जागी चार ओले काळे खड्डे उरले. त्यांतून एक बेडूक बाहेर आला आणि इकडेतिकडे बघायला लागला. पोरं खिदळली. मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही. मला फक्त चालायचं होतं, म्हणून चालायला लागले.

त्रिमो घराच्या पुढ्यात, तोंड घराकडे, उलट्या पावलांनी चालत हाक देत होता. मी त्याच्याही पुढे. म्हणजे मला त्याची पाठ आणि पाठीमागे आभाळात हलणारे वासे दिसायचे. सारखी वळून बघत होते. खालून पन्नाससाठ पाय चिखलातून वर येत होते आणि वर घर इतकं संथ येत होतं, पाण्यावरून येतंय असं. आतून पार्तोचा आवाज, "यू, तुझ्या घरात पहिल्यांदा आलो, बसायला पाट तरी दे!" दुसरा म्हणाला, "भाजीचा वास तुळईला अजून येतोय रे." सगळे हसले आणि घर हिंदकळलं. त्रिमोने अशी हाक टाकली की सगळे चिडीचूप.

आम्ही अर्ध्यावर असताना मागे मोठा आवाज झाला. कोणी थांबलं नाही, मीच वळले. दारापुढची पायरी, अंगण, ते चार खड्डे, सगळं नदीत गेलं होतं. बेडकाचं काय झालं माहीत नाही. एंदाह, तो उडी मारून सुटला असेल.

खालचं टोक आलं. माझे तळखडे तिथे ओळीत मांडलेले, भोवती पाणी साचलेलं, त्यात लिक तुमिनीची बदकं. हाक थांबली. घर खांद्यांवर तसंच उभं. सगळे धापा टाकतायत, घाम डोळ्यांत जातोय, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. त्रिमोने वळून विचारलं, "इथेच ना?"

मी 'बस' म्हणायला तोंड उघडलं. यार्तो, लहानपणी इतका सराव केलेला शब्द. माझ्या डाव्या हाताला तळखडे होते आणि समोर उतार चढून गेलं की फणस, आणि फणसाच्या पलीकडे ते कुंपण. त्याने काही म्हटलं नव्हतं. चहाच्या वेळीही नाही, आताही नाही. त्याने फक्त विचारलं होतं, इथेच ना, आणि उत्तर माझ्या तोंडात होतं, दुसऱ्या कोणाच्याही नाही.

मी तोंड मिटलं आणि चालायला लागले.

मग पार्तो ओरडला, "यू, दगड मागे राहिले!" लिक तुमिनी म्हणाली, "गप रे मेल्या, उचल." आणि मग त्रिमोची हाक आली. सुरुवातीला फाटली ती. तीस वर्षांत त्याची हाक फाटलेली कोणी ऐकली नव्हती. दुसऱ्यांदा मात्र अशी आली की पलीकडच्या डोंगरापर्यंत गेली असेल, आणि सगळ्यांनी मिळून जे 'बारीस' म्हटलं त्याने फणसावरची पाखरं उठली.

मी वळून बघितलं नाही. उतार चढले, भुईमुगातून गेले, फणसाखालून गेले. कुंपणाला माझा गुडघा लागला तेव्हा थांबले, आणि म्हटलं, "बस."

घर टेकलं. बाप्ये जिथल्या तिथे लोळले आणि मला शिव्या द्यायला लागले. आता तळखडे वर आणायचे म्हणजे दुसरा दिवस, दुसरं जेवण. मी म्हटलं, देते. काल आणले. आज कौलं चढतायत. कुंपण इतकं जवळ आहे की माझ्या छपराच्या आणि त्याच्या छपराच्या पागोळ्या एकाच चरात पडतात. काल रात्री पाऊस आला तेव्हा मी पडून ऐकत होते. नदी ऐकू आली नाही.

यार्तो, तुझी माती नव्या दाराच्या उजव्या हाताला पुरली, वर दिवा ठेवला. येशील तेव्हा त्याच बाजूने आत ये. माझी अजून मडक्यातच आहे. दाराच्या डाव्या हाताला कुंपण येतं, पुरायला जागाच नाही. मी हे कोणाला बोलले नव्हते, पण आज सकाळी रंध्याचा आवाज आला नाही म्हणून बाहेर येऊन बघितलं, तर त्रिमो पलीकडून कुंपणाच्या एकेक काठीची गाठ सोडत होता. मी मडकं घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसले आणि इकडच्या गाठी सोडायला लागले.

तुझी बहीण,
वार्सिनी